कुंपणापर्यंत

केळीचे घड उतरवताना
सुपडूच्या गमछ्याला चिकटून तो आला,
करंगळीएवढा.
ट्रकभोवतीचे सगळे दोन पावलं मागे सरले.
‘ईख शे त्याम्हान, सिस्टर. मारी टाकू?’
माझ्या हातात तेव्हा लसींचा रिकामा डबा होता.
तोच पुढे केला.

वनखात्याचा रेमसिंग पावरा फोनवर म्हणाला,
शेपूट चेंगरलीय, तर राहू द्या आठ-दहा दिवस,
वैजापूरकडून उतरलो की बघतो.
पाळायचा नाही बरं का, कायदा आहे.
पाळत नाही, म्हटलं. ठेवतेय.

अडावदच्या दवाखान्यामागचं माझं क्वार्टर :
एक खोली, करकरणारा पंखा,
बदलीनंतर न उघडलेली तीन खोकी.
कुंडीतल्या लिंबावर मी तान्ह्या बाळाची
निळी मच्छरदाणी पालथी घातली.
तो निळा झाला नाही.
झाला काळपट,
जळक्या वातीसारखा,
आणि फांदीच्या पलीकडे सरकला,
मी इकडे गेले की तिकडे.

पहिल्या दिवशी सगळं चुकलं.
वाटीत पाणी ठेवलं, त्यानं पाहिलंच नाही.
वरून हात घातला, त्यानं तोंड उघडलं,
एवढ्याशा देहातून फुसकारला,
आणि मला माझाच हात दिसला
तसा, घारीचा.
मग मी खालून जायला शिकले,
बाजूनं, सावकाश,
दुसऱ्याच कशाला तरी निघाल्यासारखी.

सुई टोचताना मी पोरांना सांगते,
तो बघ कावळा.
याला काय सांगणार?
एक डोळा कावळ्यावर, दुसरा माझ्यावर,
एकाच वेळी.

सुपडूची पोरगी वेणू रोज शाळेआधी यायची,
काडेपेटीत नाकतोडे घेऊन,
दाराशी उभं राहून विचारायची,
रंग बदला का?
घाबरला की बदलतो गं, मी म्हणायची,
नि थंडी वाजली की, नि उन्हात बसला की.
‘आन आपुन?’
मी नाकतोडे मोजत राहिले.
चार होते. चारही संध्याकाळपर्यंत जिवंत.

तिसऱ्या रात्री सुचलं.
खिडकीच्या गजाला सलाइनची बाटली उलटी टांगली,
साधं पाणी, मिनिटाला सहा थेंब,
लिंबाच्या शेंड्यावर.
थेंब पानावरून घरंगळे,
टोकाशी थांबे, लोंबे.
अश्विनातलं ते ऊन रात्रीही भिंतींतून निथळत होतं.
मी दिवा घालवला, पाठ फिरवली,
कारण बघत राहणं हीसुद्धा एक पकड असते.
बराच वेळ नुसती बाटली ऐकली.

पहाटे टॉर्च बोटांआडून लावला.
झोपलेला होता, शेपटीची गुंडाळी करून,
केळफुलाच्या अगदी आतल्या पाकळीइतका फिका.
भ्यायचं विसरलेला.
खालचं पान ओलं,
आणि त्याच्या ओठाच्या कडेला
एक थेंब.

चौथ्या दिवशी तीन नाकतोडे उरले.
मी कुणाला सांगितलं नाही,
वेणूला सांगितलं.
ती इतक्या जोरात टाळी वाजवायला निघाली
की मी तिचे दोन्ही हात हवेतच धरले,
आणि आम्ही तशाच उभ्या राहिलो,
न वाजलेली टाळी धरून.

रेमसिंग बाराव्या दिवशी उगवला.
शेपूट पाहिली, खोलीही पाहिली.
इतक्या लांब जंगलात कशाला, म्हणाला,
हे शेताचंच जनावर.
तुमच्या मागं मेंदीचं कुंपण आहे ना?
तिथं सोडा.

सोडला.
धावला नाहीच. त्याला धावता येत नाही.
एक पाय उचलायचा, हवेत धरायचा,
मागे-पुढे डुलायचा,
वारा नसताना वाऱ्यातलं पान व्हायचा.
ओट्यापासून मेंदीपर्यंत सात हात जागा,
वीस मिनिटं.
मांजर येऊ नये म्हणून मी केरसुणी घेऊन उभी.
सरड्याची धाव कुंपणापर्यंत,
लोक कुणाची तरी लायकी काढताना म्हणतात.
मी पुटपुटत होते,
तेवढीच असू दे रे बाबा,
तेवढीच.

मेंदीत शिरला, हिरवा झाला की काय कोण जाणे,
दिसेनासा झाला.

बाटली अजून त्या गजालाच आहे.
संध्याकाळी तोंड कुंपणाकडे करते,
चिमटा सैल करते.