मधली जागा

ग्रिम्सबीची बंदर कचेरी, पहाटे पावणेतीन.
बुडालेल्या बोटींच्या फाइली नव्या डिस्कवर न्यायच्या.
चार ओळींची स्क्रिप्ट लावून
मी चहा टाकायला उठले.

परतले तर पडदाभर एकच रडगाणं:
मेरी नावाची फाइल नाही.
एलन नावाची फाइल नाही.
नोव्हेंबर नाही. एकसष्ट नाही.

नावं डोरीनने दिलेली, एकोणीस वर्षं,
बोलते तशीच टंकलेली, मध्ये दम घेत.
शेलला दम कळत नाही.
जागा दिसली की तो तोडतो,
खाटकाला सांधा दिसावा तसा.

नशीब, आज्ञा नकलेची होती.
पुसण्याची असती, तर ‘जुन्या याद्या’ काढताना
‘याद्या’ नावाचं अख्खं फोल्डर गेलं असतं
आणि मी आत्ता राजीनामा लिहीत असते.

दुरुस्ती केवढीशी:
डॉलर-एफच्या अलीकडे-पलीकडे दुहेरी अवतरण.
तापलं पातेलं दोन्ही बाजूंनी फडक्यात धरावं
तसं नाव उचललं,
आणि मेरी एलन गेली, सबंध,
मधल्या जागांसकट.

आठला डोरीन आली.
अंडरस्कोर घालत जा, असं सांगणार होते तिला.
कोट काढता काढता तिने विचारलं,
“मेरी…”
खुंटीकडे बघत राहिली जरा,
“…एलन नीट पोचली ना?”

पोचली, म्हटलं.
बाकी काही बोलले नाही.