शिडी

कुताइसी. आयोगाची कचेरी, खोली क्रमांक चार.
मी टिपणं घेते. काम एवढंच:
जो जे बोलला ते, जसं बोलला तसं;
कुणी खोकलं तर तेही, कंसात.

कंपनीचा वकील व्हिएन्नाला शिकलेला.
'तूट' हा शब्द तो असा उच्चारतो
जणू त्याच्याच घरातून काही गेलंय.
शंभरातली एकतीस युनिटं
रोहित्र आणि उंबरा यांच्यामध्ये हरवतात,
आणि हरवलेल्याचा धनी कोण
ते कराराच्या नवव्या कलमात नाही.
लिहिणाऱ्यांना त्या रात्री विमान गाठायचं होतं, म्हणे.

ग्राहकांकडून नानुली, शिवणकाम करणारी.
बिलं चहाच्या डब्यात भरून आणलेली.
म्हणाली, मीटर तुम्ही खांबावर टांगलेत,
सात मीटर वर, आमचे हात पोचू नयेत म्हणून.
नाही पोचत. पण साहेब, डोळेही नाही पोचत.
नवऱ्याची दुर्बीण होती,
ती विकून गेल्या हिवाळ्याचं बिल भरलं.

(हशा.)
ती हसली नव्हती;
त्यासाठी माझ्याकडे कंस नव्हता.

अध्यक्ष लामारा, पूर्वी धरणावरच्या वीजघरात फोरमन,
कागद बाजूला सारून म्हणाल्या:
शिडी आणा.

मग चिखलबर्फातून आम्ही सगळे, फायलींसकट.
शिडीचा एक पाय कंपनीच्या इंजिनियरनं धरला,
दुसरा नानुलीनं,
आणि वर एकसष्ट वर्षांची बाई, जाड मोज्यांत, पायरी पायरीनं.
तेवढा वेळ वाद थांबला होता.
दोघांनाही फक्त ती पडायला नको होती.

पेटीत गांधीलमाश्यांचं जुनं पोळं.
काच धुरकट. शेवटचा आकडा
सात आणि आठ यांच्यामध्ये अडकलेला.
त्यांनी वरून ओरडून सांगितलं,
मी खाली लिहिलं: सात किंवा आठ.

आदेश: बारा टक्क्यांपर्यंतची तूट कंपनीची,
उरलेल्याची फेरमोजणी.
ऑक्टोबरपर्यंत मीटर डोळ्यांच्या उंचीवर.
तोवर प्रत्येक खांबाशी एक शिडी.

चौथ्या दिवशी नवा अर्ज आला.
शिडी कुणाच्या मालकीची?
कुणी पडलं तर?
आणि रात्रीतून ती चोरीला गेली
तर कुणाच्या तुटीत धरायची?

मंगळवार, सकाळी दहा.
मी पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय.