उकंडरावांचा गाल

हिंगण्याच्या शेडमध्ये नवी भट्टी लागली,
छतात थर्मोकपल बसलं.
पडद्यावर आकडा : पंधराशे दहा.
तरी बाटल्यांत बुडबुडे,
साबुदाण्याएवढेही नाहीत, खसखशीएवढे.

उकंडराव शेंदऱ्यांना आता ज्वाळेचा रंग कळत नाही,
तीस वर्षं आत बघून बघून
डोळ्यांवर साय धरलीय.
ते झरोक्यापाशी गेले, डावा गाल पुढं केला,
न्हाव्यापुढं करावा तसा.
"वीस कमी हाये, बाबू. काच झोपली नाई अजून."

बाहेर मे महिना, सत्तेचाळीस.
आम्ही हसलो.
मग थर्मोकपल बदललं.
अठरानं खोटं बोलत होतं.

आच वाढवली, ओढ कमी केली,
काचेला रात्रभर निजू दिलं.
सकाळी लोंबता थेंब
कात्रीखाली स्वच्छ तुटला.

दिवाळीनंतर मेडिकलमध्ये त्यांचं ऑपरेशन झालं.
काळा चष्मा खिशात घालून थेट शेडवर आले,
पट्ट्यावरची एक बाटली खिडकीशी धरली, फिरवली,
परत फिरवली.

"एवढी हिरवट होती का रे आपली काच?
अन् मी जनमभर पांढरी म्हणून पास केली.
वाळूत लोखंड हाये.
वाळू बदला."