जुनं तेल

पुणं सपाट आहे असं ज्याला वाटतं
त्याची गाडी नवी असणार.

मला विचारा.
सहकारनगरच्या वळणावर जमीन कुठे खांदा उचलते,
बिबवेवाडीच्या चढाला मधेच एक पायरी कशी आहे
जी फक्त चाकांना कळते,
स्वारगेटच्या पुलावर कितव्या खांबापाशी
इंजिन ओरडायला लागतं
आणि गाडी मात्र
ऐकूच आलं नाही असं करते.
आवाज साठचा, वेग वीसचा.

दोन हजार सालची झेन. ऑटोमॅटिक.
शोरूममधला पोरगा म्हणाला होता,
मॅडम, ही कुणी घेत नाही हो, पुण्यात एखादीच असेल.
मी कॅलिपरचा पट्टा नीट केला.
म्हटलं, एखादीच हवीय.
डाव्या पायाला काम नसलेली गाडी,
तिच्यासाठी आठ वर्षं पैसे साठवले होते.

आता दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना सुटते.
सकाळी गार असते तोवर ओढते,
तापली की हात सोडते.

नाना पेठेत मुनाफ तांबोळींनी डिपस्टिक ओढली,
पेपरच्या भविष्याच्या पानावर पुसली.
कन्या राशीवर डाग पडला :
मधे तपकिरी, कडेला जेमतेम लाल.
तीस वर्षं रक्तपेढीत काढलीत मी,
लाल रंगाचं वय कळतं मला.
त्यांनी वास घेतला, मग पेपर माझ्याकडे धरला.
करपलेला. दूध लागतं तसा नाही,
मिक्सर जळायच्या जरा आधी येतो, तो.

"बदलू या की मग तेल."
ते हसले नाहीत.
"ताई, आतल्या प्लेटा झिजल्यात.
झिजून जी भुकटी झाली ती ह्याच तेलात आहे,
आणि तिच्याच जोरावर एकमेकींना धरून आहेत.
स्वच्छ तेल भरलं
तर गल्लीच्या तोंडापर्यंत जायची नाही."

खोलायचं तर पंच्याऐंशी हजार, पार्ट मिळाले तर.
भंगारात अठ्ठावीस.
भाऊ फोनवर म्हणाला, विकून टाक गं, ॲप आहेत ना.
ॲपची गाडी नेहमी रस्त्याच्या पलीकडे उभी राहते,
हे दोन पाय धड असलेल्याला
कसं सांगायचं.

मुनाफभाईंनी अर्धा लिटर काढलं,
अर्धा लिटर घातलं.
"महिन्याला एवढंच. तिला कळू द्यायचं नाही."
चारशे वीस रुपये. चहा त्यांचा.

तेव्हापासून मी वेगळ्या गावात राहते.
पर्वती पायथा टाळायचा,
मार्केट यार्डाहून लांबून, पण सपाटीने यायचं.
कात्रजपलीकडच्या वृंदाला सांगितलं, आता तूच ये.
ती येते, आणि माझ्या लिफ्टला नावं ठेवते.
चढ दिसायच्या आधीच एलमध्ये टाकायची.
एक्सलरेटर दाबायचा नाही,
विचारून बघायचा.

काल रात्री बिबवेवाडीच्या त्याच पायरीवर
सुटली.
हातभर मागे आली.
मागे पीएमटी, तिचा हॉर्न, तिचे दिवे माझ्या आरशात,
आणि खाली बघते तर
माझा डावा पाय,
ज्याने जन्मात क्लच पाहिलेला नाही,
पट्ट्यासकट जमीन दाबून बसलेला.
कुठून आणला एवढा जोर, कुणास ठाऊक.

मग आत कुठेतरी भुकटीला भुकटी लागली.
एक हिसका.
निघालो.

पुढच्या सिग्नलला बस शेजारी आली,
ड्रायव्हरने वरून वाकून पाहिलं.
पाहू दे.
मी पाय उचलून जागेवर ठेवला, हाताने,
नेहमीसारखा.