अंबाडी

नवरात्र संपायच्या आत, एका दुपारी,
चांगुणा भोये टाकीमागे येऊन उभी राहिली.
वाळत घातलेली चादर बाजूला सारून म्हणाली,
"हे काय लावलं?"

"अंबाडी," मी म्हणालो.

रंगाची वीस लिटरची बादली,
बादलीवर हसरं चौकोनी कुटुंब,
आणि त्यांच्या डोक्यावर छातीभर उंच वाढलेलं
पंजे पसरलेलं हिरवं.

तिनं एक पान तोडलं, चुरगाळलं, नाकाशी नेलं.
अंबाडी आंबट असते, हे मला माहीत होतं.
तिलाही.
सातपूरच्या बाजूला कुठेतरी शिफ्टचा भोंगा झाला.
"अंबाडी," ती म्हणाली. "बरं."

आणि कमरेची कात्री काढली.

सोमवारी पहाटे पेठ नाक्यावर मुकादमाची पिकअप येणार होती,
पिंपळगावला, गोडी छाटणीला, दोन-अडीच महिने.
कात्री कालच धार लावून आणलेली,
अजून कशावरच चालवलेली नव्हती.

"असं गच्च ठेवतं का कुणी?
पान पानावर बसलं की घड जिरतो."

इथं घड नाही, असं मी म्हणणार होतो.
पण घड नाही तर मग काय आहे,
हे सांगायची माझी तयारी नव्हती.
तिची बोटं तोवर आत शिरली होती,
बगलेतल्या फुटी चाचपत, खालची पिवळी पानं,
मग मधली, चांगली, रसरशीत, ज्यांना मी
तीन महिने पांघरूण समजत आलो होतो.
समोरच्या बिल्डिंगच्या दोन गॅलऱ्या
एकेका पानागणिक उघड्या पडत गेल्या.

"मावशी, पुरे."
"थांब."

एक ठेव, एक काढ. एक ठेव, दोन काढ.
तोंडात पुटपुटणं, हात त्याच्या पुढे.

"पहिल्या साली मलाबी जमेना.
आमच्या सुरगाण्याकडं पान म्हणजे
खायचं, नायतर त्याचा द्रोण लावायचा.
हिरवंगार तोडून मातीत टाकायचं म्हटलं की
पोटात कालवायचं. मुकादम शिव्या घालायचा.
मग माझ्याच ओळीत बघितलं,
सावलीत घडाची बाळी झालेली.
द्राक्ष व्हायचं सोडून नुसती दोरी,
हवेत कायतरी धरायला निघालेली."

तिनं करंगळी वळवून दाखवली, कशी ते.

जिन्यात चपला वाजल्या.
पोतनीस काका, टाकीचा फ्लोट बघायला, हातात पान्हा.
माझी जीभ टाळूला चिकटली.
"काय हो चाललंय?"
"अंबाडी हाय," चांगुणा मागे न बघता म्हणाली.
"लई माजलीय."
काकांनी चष्मा वर करून पाहिलं.
"भाजी होईल की. डाळ घालून, वरून लसणाची फोडणी."
"होईल की," ती म्हणाली.

ते गेल्यावर आम्ही दोघं बराच वेळ हसलो नाही.
मग तिचे खांदे आधी हलले.

पडलेली पानं मी गोळा करू लागलो, पिशवीत,
रात्री कुठल्या कचऱ्यात टाकावीत याचा विचार करत.
तिनं पिशवी माझ्या हातून घेतली,
बादलीतली माती बोटांनी उकरली
आणि सगळी त्याच्याच बुडाशी दाबली.
"ज्याचं त्याला. आता आठ दिवस हात लावू नको."

हाताला चिकटलेला वास
तिनं फिनेलच्या पाण्यात बुडवला.
मी माझा, बराच वेळ, नाही.

आता ती पिंपळगावात असेल,
ओलांड्याखाली वाकलेली, मान वर करून,
आमच्याकडे फरशी पुसायला
दुसरी कुणीतरी येते, तिला गच्चीवर पाठवत नाही.

झाड बोडकं दिसतं. लाज वाटेल इतकं.
सकाळी सूर्य बिल्डिंगच्या मागून निघतो
आणि ऊन पहिल्यांदाच आत, खोडापर्यंत जातं,
जिथं मी कधी पाहिलंच नव्हतं,
कारण तिथं पाहायला काही नाही
असंच मी धरून चाललो होतो.

आज सहावा दिवस.
पेरापेराशी दोन दोन पांढरे केस.

कुणाला सांगू?
काका खालून विचारतात, भाजी केली का.