कडक वासाची

वेंगुर्ल्यात मासळी बाजाराकडून वर येताना
रुफीनचं दुकान लागतं.
पूर्वी तिथे फक्त चर्चच्या बारीक पांढऱ्या मेणबत्त्या असायच्या,
आता काचेच्या बरण्यांत रंगीत मेण,
झाकणावर इंग्रजी नावं, पर्यटकांसाठी.

"कडक वासाची दाखय."
"किती कडक?"
"तुझ्याकडे आसात तितकी."

तिने लॅव्हेंडर उघडली. मी नाक आत नेलं,
डोळे मिटले, लोक मिटतात तसे.
मेण गार होतं. एवढंच कळलं.
"बरी आसा," म्हटलं. "आणखी कडक?"

मग व्हॅनिला, दालचिनी, मग एक निळी,
तिचं नाव ओशन ब्रीझ.
"म्हणजे दर्याचो वारो," रुफीन हसली,
"पण हेका बांगड्याचो वास येणा नाय."
मीही हसले.
खाली बंदरावर बांगडे सुकत होते की नव्हते,
न बघता मला सांगता आलं नसतं.

गणपतीनंतर ताप आला होता, सात दिवस.
आठव्या दिवशी गेला, जाताना एवढं घेऊन गेला.
घरात कोणाला बोलले नाही.
आमटी तळाला लागली तेव्हा म्हटलं, फोनवर होते.

कशी बोलणार? मी सुरंगीची बाई.
झाडावर चढणारे बाप्ये पहाटे कळ्या घेऊन येतात,
पाटीत हात न घालता मी नुसती वाकायचे
आणि सांगायचे: ही आजची. ही कालची.
हिच्यावर पाणी मारलंय.
दलालसुद्धा माझ्या नाकावर भाव ठरवायचा.
नाव सुवासिनी. आईने ठेवलं तेव्हा
तिच्या मनात नवरा होता की फूल,
विचारायचं राहून गेलं.

आता चैत्र.
वळेसर करताना बोटांना थोडं कळतं,
ताजी कळी टणक, कालची पापणीसारखी सैल.
बाकी मी गप्प वाकते,
दोन श्वास मोजते,
आणि सांगते: आजची.

रुफीनने मागच्या फळीवरून शेवटची बरणी काढली.
जांभळट. चिठ्ठी खरवडलेली.
"ही कोण घेणा नाय. डोक्यात जाता."
झाकण निघालं आणि
काउंटरवरचं मांजर उठून रस्त्यापलीकडे गेलं.
रुफीन शिंकली, दोनदा.
आत शिवणयंत्रावरून तिची सासू ओरडली,
"गो, काय सांडलां?"
मी तशीच.
बरणीत नाक, गार मेण.

"हीच दी."
अडीचशे रुपये. मी घासाघीस केली नाही
याचंच तिला नवल.

रात्री पडवीत लावली.
जाऊ दारातच थबकली, पदर नाकाला.
"काय ह्यां? कसलो वास?"
"तूच सांग."
तिला वाटलं, खेळ आहे. डोळे बारीक करून म्हणाली,
"जळलेली साखर... थांब. पिको फणस.
आणि मागसून... शाळेतलो खोडरबर."
मी एकेक शब्द घेत होते,
ओला आहे का, दाबून बघत.
"सुरंगीसारख्यां कायच नाय?"
"छ्या," म्हणाली.
ज्योतीभोवती एक पाकोळी फिरत होती. तिला काय वाटत होतं, देव जाणे.

पहाटे बाबल्याने पाटी पुढे केली.
मी वाकले. एक श्वास.
दुसरा घेतलाच नाही.
आत वळून जावेला हाक मारली,
"गो पारू, जरा हंय ये.
काम आसा."