कसर

लोकांच्या घरात मी शिरायचो ते मीटर वाचायला.
खिशात पेन्सिल, काखेत वही, हातात टॉर्च.
पाचपावली, इंदोरा, जरीपटका,
जिन्याखालचा अंधार सगळीकडे सारखाच.
आकडा लिहून वळताना
मीटरच्याच खिळ्याला लटकलेली दिसली पहिली:
लोकरी नमद्याची, तिकोनी, विटकरी,
शेपटाकडे निमुळती होत गेलेली,
वर कापडी अक्षरं एकेक कापून शिवलेली –
बेसबॉल, नागपूर, अठ्ठ्याऐंशी.
बेसबॉल? आमच्या नागपुरात?
"होता नं जी," घरमालक बोलला,
"न्या. धूळच खाऊन राह्यली."

आता सव्वीस आहेत.
बायको म्हणते, सव्वीस तिकोन
आणि त्यांना सांभाळणारं एक चौकोनी डोकं.
लोखंडी पेटी, कडुनिंबाचा पाला, डांबरगोळ्या,
मे महिन्यात कूलरच्या ओल्या वाऱ्यापासून लांब.
आम्ही गच्चीवर झोपतो, त्या माझ्या पलंगाखाली.
एक बर्डीच्या रविवार बाजारातली,
परदेशी जुन्या कोटांच्या गाठीतून आलेली.
तिच्यावरचं गाव कुठलं, मला माहीत नाही.
तिला मी सगळ्यांत वर ठेवत नाही,
पाहुणी आहे.

नव्हती ती एक्याण्णवची.
हिरवी, मुलींच्या फायनलची.
अकरा वर्षं विचारत फिरलो.
जुने पंच, खेळाच्या सामानाचे दुकानदार,
एक शिंपी, ज्याला आठवायचं फक्त
की पैसे अर्धेच मिळाले होते.

मग हुडकेश्वर रोडवर, दुसऱ्या माळ्यावर,
रत्नमाला गजभिये. कॅचर.
मेयोतून निवृत्त झालेली नर्स.
पाण्याचा ग्लास पुढे केला तेव्हा
उजव्या हाताचं मधलं बोट
भलतीकडेच बघत होतं.

"किती द्याल?"
पाच हजार, मी म्हणालो.
"अन् म्याच पाह्यली होती का एखादी?"
नाही. खरं ते सांगितलं.
मी आकडे वाचणारा माणूस.

ती हसली, पण माझ्यावर नाही.
"जिंकले त्यायले कप भेटला जी,
तो गेला कॉलेजच्या कपाटात, कुलपात.
हारले त्यायले हे. एकेक.
सोळा जणी होतो. पंधरा जणींनं
घरी जाता जाता पुलावरून
नाग नदीत फेकल्या.
माह्या हात प्लास्टरात होता,
अन् दुसऱ्या हातात चपला."

दुर्मीळ, दुर्मीळ म्हणत होतो अकरा वर्षं.
म्हणजे एवढंच होतं:
पंधरा जणींचा राग
आणि एकीचं मोडलेलं बोट.

मेणकापडाच्या पिशवीतून तिनं ती काढली.
हिरवा आता शेवाळाचा झालेला,
काठाला जाळी जाळी.
कसर लोकर खाते, सुती अक्षरं सोडते,
हे मला ठाऊक होतं;
पण खालची लोकरच गेली की अक्षरं तरी कुणाला धरणार?
'उपविजेता संघ' असं होतं म्हणे.
'उप' गळून गेलं होतं.

मी बघत राहिलो. तीही.
"एका रनाची कसर राह्यली होती," ती म्हणाली,
"कसरीनंच भरून काढली, पाहा."

खिशातल्या डांबरगोळ्या मी पुढे केल्या, सवयीनं.
"नको जी. खाऊ द्या. तिलेबी पोट आहे."
आणि घडी घातली,
त्या वाकड्या बोटानं दाबून,
जशी वॉर्डातली चादर.
पाच हजारांचं नाव दोघांनीही पुन्हा काढलं नाही.

जिना उतरताना टॉर्च लागली नाही,
तिच्या मीटरवर दिवा होता.
तरीही थांबलो, चकती फिरताना पाहिली.
घरी येऊन वहीत लिहिलं, पेन्सिलनं:
सत्तावीस. एक्याण्णव, हिरवी, दोन अक्षरं कमी.
रीडिंग घेतलं.
मीटर जागेवर.